कोयनेच्या पाठीतला बाक

जगात कुठे ना कुठे रोज कोयना धरणाला तडा जातो. हेळवाकजवळचं खरं धरण जागेवर आहे, काळजी नसावी. तडा जातो तो कॉम्प्युटरमधल्या कोयनेला. काँक्रीट कुठे ताणलं जाईल, कुठे फाटेल हे आधी पाहून घेण्यासाठी जगभरचे इंजिनिअर अबाकस नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. त्याच्यासोबत जी सोडवलेली उदाहरणं येतात, त्यांत आपली कोयना आहे. त्यामुळे सातारा जिल्हा नकाशावर दाखवता येणार नाही अशी कितीतरी मुलं हे धरण हलवतात, फोडतात आणि त्यावर प्रबंध लिहितात.

एम.टेक.ला असताना मीही तेच केलं. उंची १०३ मीटर, तळाची रुंदी ७० मीटर, अडवलेलं पाणी पावणेब्याण्णव मीटर. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाच्या धक्क्याची नोंद फाइलमध्ये असते, ती द्यायची, रन लावायचा आणि चहाला जायचं. परत येईपर्यंत तडा गेलेला असायचा. जाळी, म्हणजे हिशेबासाठी धरणाचे पाडलेले तुकडे, बारीक करा, काँक्रीटची ताकद थोडी कमीजास्त करा, तडा आपला त्याच उंचीवर. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या तेलंगणच्या मुलाला वाटायचं की कोयना हे कुणीतरी उदाहरणासाठी रचलेलं नाव आहे. त्या भूकंपाच्या रात्री माझी आई सात वर्षांची होती आणि पाटणच्या अलीकडे एका गावात गाढ झोपली होती, हे त्याला सांगितलं तेव्हा तो खुर्ची फिरवून बसला.

तडा जातो ती जागा नीट पाहण्यासारखी आहे. धरणाची पाण्याकडची बाजू जवळजवळ उभी. मागची, कोयनानगरकडची बाजू उतरती. तळाला ७० मीटर असलेली जाडी वर येता येता भराभर कमी होते आणि साधारण ६६ मीटर उंचीवर १९ मीटरपर्यंत येते. तिथे उतार एकदम मोडतो. त्याच्या वरचा साडेछत्तीस मीटरचा भाग जवळपास सरळ उभा, माथ्यावरसुद्धा चांगला १५ मीटर जाड. हा मोड, हा पाठीतला बाक, वर्गात फळ्यावर काढतात त्या धरणाला नसतो.

फळ्यावरचं धरण त्रिकोणी असतं, आणि त्याला कारण आहे. गुरुत्व धरण कशाला धरून उभं नसतं. ते निव्वळ स्वतःच्या वजनावर बसलेलं असतं. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. पृष्ठभागावर शून्य, तळाशी सगळ्यात जास्त. म्हणून दाबाचंही चित्र त्रिकोणीच, आणि त्याला अडवणारं वजनही तसंच त्रिकोणी लागतं. कोयनेचा आकडा काढून पाहा. पावणेब्याण्णव मीटर पाणी धरणाच्या दर एक मीटर लांबीवर सुमारे ४,२०० टनांचा आडवा रेटा देतं. त्याच एक मीटर लांबीत धरणाचं स्वतःचं वजन भरतं सुमारे साडेनऊ हजार टन. त्यातून पायाखाली झिरपलेलं पाणी धरणाला वर उचलायला बघतं, ते वजा करायचं. उरलेल्या वजनाने आणि पायाच्या घर्षणाने हा रेटा रोखायचा. सगळा खेळ एवढाच. वाचायला सोपा वाटतो. प्रत्यक्षात धरणं बांधणाऱ्या माणसांच्या झोपा उडतात त्या 'उरलेल्या' या शब्दापाशी, कारण पायाखालचं पाणी नक्की किती उचलणार हे खडक सांगतो आणि खडक आधी बोलत नाही.

या हिशेबात माथ्याला जवळपास काही काम नाही. तिथे पाणीच नसतं. तरी माथा रुंद लागतो, कारण वरून वाहनं जायची, दरवाज्यांची यंत्रं बसवायची, लाटा उसळल्या तर पाणी ओलांडून जाता कामा नये. पण कोयनेचा माथा या गरजांपेक्षा जास्त जड आहे, आणि ती गोष्ट पैशाची आणि घाईची आहे. धरण आधी दोन टप्प्यांत बांधायचं ठरलं होतं. आता थोडं कमी उंच, पुढे विजेची मागणी वाढली की वर चढवायचं. काम चालू असताना निर्णय फिरला: उंची एकदमच पूर्ण करायची. खालचा भाग एका हिशेबाने आखलेला, वरचा दुसऱ्या. दोन निर्णय जिथे एकमेकांना भेटले, तिथे बाक आला. स्थिर पाण्याच्या हिशेबात तो चालण्यासारखा होता. आकडेमोड चुकलेली नव्हती. मला धरणाच्या नकाशातली सगळ्यात बोलकी रेघ ती वाटते, कारण बाकीचा नकाशा भौतिकशास्त्राने काढलाय आणि ही एक रेघ बैठकीने.

मुळात धरण इथेच का, याचं उत्तर नदीच्या चालीत आहे. कोयना महाबळेश्वराला उगम पावते आणि आपल्याकडच्या नद्यांच्या रिवाजाला सोडून सह्याद्रीच्या कण्याला समांतर, सरळ दक्षिणेला वाहते. हेळवाकला येऊन काटकोनात पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. तिच्या उजव्या हाताला डोंगराची एक भिंत आहे, आणि त्या भिंतीपलीकडे कोकण शेकडो मीटर खाली पडलेलं. पाऊस इतका की नवजा आणि महाबळेश्वरचे आकडे पावसाळ्यात रोज पेपरात असतात. इतकं पाणी, इतक्या उंचीवर, आणि पलीकडे इतका मोठा उतार एवढ्या जवळ, हे जुळून येणं दुर्मीळ. मावळात टाटांनी हीच युक्ती आधी केली होती. घाटावरचं पाणी खोपोलीला सोडून १९१५ मध्ये वीज, मग भिवपुरी, मग भिरा. कोयनेवरही त्या काळात नजर गेली होती, पण काम सरकारच्या हातून आणि स्वातंत्र्यानंतर व्हायचं होतं. १९५४ च्या सुमारास सुरू झालं.

म्हणजे कोयनेत धरण हा अर्धाच भाग. ते पाणी फक्त उचलून धरतं. खरी करामत डोंगराच्या पोटात आहे. जलाशयातून बोगदा सह्याद्रीच्या आरपार, मग तिरक्या दाबनळ्या, आणि पोफळीला जमिनीखाली कोरलेलं वीजगृह. घाटावरून खाली पडणाऱ्या पाण्याची उंची पावणेपाचशे मीटरच्या आसपास. तळाशी दर चौरस सेंटिमीटरला ४७ किलोंच्या घरात दाब. एवढ्या दाबाला इथे पेल्टन चक्रं लावली: बारीक तोटीतून सुटलेली धार वाट्यांच्या रांगेवर आदळते आणि चक्र फिरतं. ७० मेगावॉटच्या एका संचाला सेकंदाला १६-१७ घनमीटर पाणी पुरतं, एवढंसंच. धरणाच्या पायथ्याशी तेवढीच वीज करायची तर पाचसहापट पाणी लागेल. पहिलं जनित्र १९६२ मध्ये फिरलं. पुढे त्याच दालनात दुसरा टप्पा, मग कोळकेवाडीला पाणी पुन्हा अडवून अलोऱ्याला तिसरा. कुंभार्ली घाट उतरताना पोफळीच्या बाजूला उच्चदाबाच्या तारा डोंगरातून बाहेर येताना दिसतात. डोंगरात काय आहे ते दिसत नाही.

धरण बांधलं ते रबल काँक्रीटचं. त्या दिवसांत सिमेंटची टंचाई होती, आणि शिवाय सिमेंट गोठताना तापतं. धरणाएवढ्या जाड वस्तूत ती उष्णता बाहेर यायला वर्षं लागतात आणि निवताना काँक्रीट चिरतं. म्हणून काँक्रीटच्या थरात काळ्या बेसॉल्टचे मोठमोठे दगड बसवायचे, त्यांच्यामधल्या फटी काँक्रीटने भरायच्या, कंपन देऊन घट्ट करायचं. सिमेंट वाचतं, उष्णता कमी होते. दगड मात्र एकेक बसवावा लागतो. धरणाची लांबी ८०७ मीटर, ती सुमारे पंधरा मीटर रुंदीच्या ब्लॉकांत कापलेली. एकेक ब्लॉक वेगळा चढत जातो. कुठला दगड कुणी कसा बसवला याची नोंद कुठे नाही, आणि या धरणाची ताकद तर त्यातच आहे.

आता ती रात्र. आईला तिच्या घरातली उतरंड आठवते. सात मडक्यांची, सगळ्यात वर झाकणाचं वेळणं. आधी ती वाजली, मग कोसळली, मग माळ्यावरची माती सगळ्यांच्या अंगावर. पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटं झाली होती, हे तिला नंतर कळलं. आजोबांनी तिला गोधडीसकट उचलून अंगणात आणलं. थंडी कडाक्याची. कुत्री भुंकत होती आणि गोठ्यातल्या म्हशी दावं तोडायला बघत होत्या. आणि मग कुणीतरी ओरडलं, धरण फुटलं! पानशेत फुटून सहाच वर्षं झाली होती. पुण्यात काय झालं ते घरोघरी ठाऊक होतं. गाव अंधारात टेकडीकडे धावलं. उजाडेपर्यंत सगळे वर बसून नदीकडे कान देऊन होते. नदी होती तेवढीच होती.

कोयनानगर मात्र झोपलं ते पुष्कळसं उठलंच नाही. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, दोन हजारांवर जखमी झाली, दगडमातीची घरं होती तिथे ढिगारे राहिले. पोफळीची यंत्रणा बंद पडली आणि मुंबईची वीज गेली. भूकंपाची तीव्रता तेव्हा साडेसहाच्या आसपास सांगितली गेली, अलीकडचे शास्त्रज्ञ ६.३ धरतात. आकडा कुठलाही घ्या, दख्खनचं पठार म्हणजे अचल, इथे भूकंप होत नाही, हा समज त्या पहाटे संपला. १९७० मध्ये देशाचा भूकंपप्रवण नकाशा सुधारला गेला तेव्हा कोयना थेट झोन चारमध्ये गेली.

धरण उभं राहिलं. पण उजाडल्यावर दिसलं की मधल्या सांडव्याच्या दोन्ही अंगांच्या उंच ब्लॉकांना आडव्या भेगा पडल्यात. पाण्याकडूनही आणि मागूनही, त्या बाकाच्याच उंचीवर. काही ब्लॉकांतून मागच्या बाजूला पाणी पाझरू लागलं होतं. सांडव्याच्या ब्लॉकांना तसं काही झालं नव्हतं. त्यांचा आकार वेगळा, त्यांच्या डोक्यावर ते वजन नाही. डोक्यावर भरला हंडा घेतलेल्या बाईला कुणी धक्का दिला तर पहिला ताण मानेवर येतो. कोयनेची मान साडेसहासष्ट मीटरवर होती.

या भूकंपाची एक गोष्ट इंजिनिअरांच्या दृष्टीने नशिबाची होती. धरणाच्या आतल्या गॅलरीत धक्का मोजणारं यंत्र बसवलेलं होतं आणि ते चाललं. नदीच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाच्या ०.४९ पट धक्का, धरणाच्या लांबीच्या दिशेने ०.६३ पट. आखणी करताना धरला होता ०.०५, म्हणजे वजनाच्या पाच टक्के एवढा आडवा जोर. 'दहापट धक्का बसला तरी टिकलं' असं वाक्य मग भाषणांत येतं. ते तितकंसं खरं नाही. क्षणभराचा उच्चांक आणि हिशेबात कायमचा धरलेला जोर या वेगळ्या गोष्टी आहेत. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे, जुन्या पद्धतीत सगळं धरण एकाच प्रमाणात ढकललं जातं असं धरत, आणि धरण तसं हलतच नाही. त्याचा एक झोका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात पुरा होतो, आणि तळ थोडा हलला की माथा कितीतरी जास्त हलतो. बर्कले विद्यापीठातल्या अनिल चोप्रा आणि त्यांचे सहकारी चक्रवर्ती यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कोयनेचा हिशेब या नव्या पद्धतीने मांडला आणि दाखवलं की सगळ्यात जास्त ताण त्या बाकापाशीच यायला हवा होता. जिथे यायला हवा होता तिथेच भेग आली होती. सिद्धांत, आकार, धक्क्याची नोंद आणि प्रत्यक्षातली भेग अशी चारही टोकं एका ठिकाणी बांधलेली उदाहरणं जगात फार नाहीत. म्हणून कोयना सॉफ्टवेअरमध्ये आहे. आपल्या धरणाला मिळालेली ही कीर्ती मला कधी मिरवावीशी वाटली नाही, पण तिच्यामुळे इतर धरणं सुधारली हेही खरं.

दुरुस्ती झाली ती शहाणपणाची. जलाशय उतरवला. भेगांत इपॉक्सी हे घट्ट चिकटणारं रसायन भरलं. उंच ब्लॉकांच्या माथ्यापासून खाली भोकं पाडून त्यांत पोलादी केबल घातल्या आणि ताणून बांधल्या, म्हणजे मान खांद्याला आवळून धरली. मग पुढच्या वर्षांत मागच्या बाजूला काँक्रीटचा आधार चढवला. आज कोयनानगरहून पाहताना जे जाड टेकू दिसतात ते मूळ नकाशातले नाहीत. सांडव्याचा भाग या शतकाच्या पहिल्या दशकात जाड केला. दरम्यान दरवाज्यांवर पाच फुटांच्या झडपा चढवून साठा पावणेनव्याण्णववरून १०५.२५ टीएमसीवर (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) नेला. धरण बांधून पूर्ण झालं असं आपण म्हणतो, कागदोपत्री १९६४ च्या आसपास झालंही. पण या धरणाचा नकाशा कधीच मिटून ठेवता आलेला नाही.

कामानिमित्त एकदा गॅलरीत जायला मिळालं. परवानग्यांचा सोपस्कार झाल्यावर लोखंडी दार उघडलं. आत उन्हाळ्यातही गारवा. माणूस ताठ चालू शकेल एवढा बोगदा, जाळीतले दिवे, पायाशी गटार आणि त्यातून सतत वाहणारं स्वच्छ पाणी. भिंतींवर चुन्याचे पांढरे ओघळ, काही ठिकाणी बोटाएवढे लोंबकळणारे. जमिनीत ओळीने नळ्यांची तोंडं, कुठून थेंब थेंब, कुठून करंगळीएवढी धार. पायाखालचं जे पाणी धरणाला उचलायला बघतं, त्याला ही पळवाट करून दिलेली असते. गटाराच्या टोकाला इंग्रजी 'व्ही'सारखी खाच कापलेला पत्रा आणि शेजारी मोजपट्टी. खाचेतून पाणी किती उंचीने पडतं त्यावरून गळती किती ते कळतं. बरोबरच्या कर्मचाऱ्याने वाकून आकडा वाचला आणि वहीत लिहिला. मी विचारलं, गळती थांबली तर? तो हसला. "म्याडम, वाढली तरी साहेबांना फोन, थांबली तरी फोन. सारखी असली की चहा." नळी चुन्याने बुजली की पाणी दिसायचं बंद होतं, दाब मात्र आत वाढत राहतो, हे त्याने कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

पाण्याने भूकंप आणला का, हा प्रश्न मला लग्नाकार्यात हमखास विचारला जातो. पाण्याने जमिनीत ताण भरला नाही, तो आधीच होता. पण १९६१-६२ पासून पाणी साठू लागलं आणि पाठोपाठ हादरे सुरू झाले, सप्टेंबर १९६७ मध्ये एक मोठा, मग डिसेंबरचा. चीनमध्ये सिनफेंगजियांग, आफ्रिकेत करिबा, ग्रीसमध्ये क्रेमास्ता, या धरणांपाशीही साठच्या दशकात असंच घडलं. त्यांत कोयनेचा भूकंप सगळ्यात मोठा, आणि आजवर तोच आहे. पाणी फटींतून खोल मुरतं, तिथला दाब वाढवतं, आणि निसटायच्या बेताला आलेला खडक निसटतो. भूकंपशास्त्रज्ञ हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयुष्य याच्या अभ्यासात घातलं. इथे अजूनही हादरे येतात. पाचाच्या वरचे वीसहून जास्त झालेत. त्यांचं प्रमाण पावसाळ्यात साठा भरल्यावर आणि पुढे डिसेंबरच्या आसपास वाढतं. म्हणून तर २०१७ मध्ये गोठण्याला तीन किलोमीटर खोल भोक पाडलं, भूकंप जिथे जन्मतो त्याच्या जवळ जायला. सव्वा किलोमीटर बेसॉल्ट, खाली ग्रॅनाइट. त्यासाठीची प्रयोगशाळा कऱ्हाडजवळ आहे. पाटणकडच्या माझ्या मावशीला हे सगळं कौतुकाचं वाटतं, पण घर हललं की ती भाकरी थापता थापता "तीनचा असंल" म्हणते आणि तवा धरून ठेवते.

चौथ्या टप्प्याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हजार मेगावॉटचं नवं वीजगृह, तेही डोंगरात. संध्याकाळी सगळा महाराष्ट्र एकदम दिवे लावतो तेव्हाची गरज भागवायला. पण भरल्या जलाशयातून नवा बोगदा कसा काढणार? जलाशय रिकामा करणं परवडणारं नाही. नॉर्वेत यासाठी लेक टॅपिंग करतात. बोगदा जलाशयाच्या तळाखालून खणत आणायचा आणि शेवटी खडकाचं एक जाड बूच तेवढं ठेवायचं. बुचाखाली खड्डा करायचा, फुटलेला दगड त्यात पडावा म्हणून. बोगद्यात हवा अडवून ठेवायची, म्हणजे आत घुसणारं पाणी तिच्यावर आपटून जोर गमावेल. मग बुचात सुरुंग भरायचे. १३ मार्च १९९९ ला कोयनेत हे पहिल्यांदा झालं. ज्या धरणाला एकदा तडा गेलाय, त्याच्याच जलाशयात पाण्याखाली सुरुंग लावायचे म्हणजे सगळा हिशेब कंपनांचा. मिलिसेकंदांच्या अंतराने भोकं उडवली. पाण्यावर एक फुगवटा आला, फुटला आणि बोगदा भरला. २५ एप्रिल २०१२ ला पुन्हा एकदा, आणखी खालच्या पातळीवर. सगळे टप्पे मिळून आता १,९६० मेगावॉट.

या पाण्याचं एक मोठं भांडण आहे आणि ते सुटण्यासारखं नाही. डोंगरापलीकडे सोडलेलं पाणी वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीला जातं. ते कृष्णेच्या खोऱ्यात परत येत नाही. कृष्णेच्या पाण्याचं राज्याराज्यांत वाटप करणाऱ्या बच्छावत लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. एक टीएमसी पोफळीला सोडलं की ढोबळ हिशेबाने तीन कोटी युनिट वीज होते, खाली कोळकेवाडीची वेगळी. तेच पाणी पूर्वेला सोडलं तर सांगलीला ऊस, दुष्काळी तालुक्यांना प्यायला पाणी. दुष्काळी वर्षी सांगलीवाले कोयनेकडे बघतात, पूर आला की चिपळूणवाले कोळकेवाडीकडे बघतात. माझ्या घरच्या ग्रुपवर जुलैपासून साठ्याचे आकडे येऊ लागतात आणि दरवाजे फूटभर उचलल्याचा व्हिडिओ दरवर्षी नवा असल्यासारखा फिरतो.

शिवसागराखाली, म्हणजे या जलाशयाखाली, जी गावं गेली त्यांचा हिशेब या सगळ्या आकड्यांत कुठे बसत नाही. त्या वेळी पुनर्वसनाचा कायदाच नव्हता; महाराष्ट्रात तो १९७६ मध्ये आला. माणसं सातारा, सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशी पांगली. काही वरच्या डोंगरात सरकली, तर १९८५ मध्ये तिथे अभयारण्य झालं आणि पुढे व्याघ्र प्रकल्प. श्रमिक मुक्ती दल आणि डॉ. भारत पाटणकर यांनी या लोकांची आंदोलनं वर्षानुवर्षं चालवली. २०१८ मध्ये लोक कोयनानगरला ठिय्या देऊन बसले होते, धरण होऊन अर्धशतक उलटल्यावर, जमिनीसाठीच.

सोलापूर जिल्ह्यातल्या अशा एका वसाहतीत आमच्या लांबच्या नात्यातले एक तात्या राहतात. त्यांचं गाव बामणोलीच्या वरच्या अंगाला होतं. चार वर्षांपूर्वी त्यांच्या नातवाच्या बारशाला गेले होते. मी धरणाचं काम करते म्हटल्यावर त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. भेग कुठे पडली, का पडली, सगळं नीट विचारलं. मी पत्रिकेच्या पाठीवर धरणाचा छेद काढून दाखवला, आधी दोन टप्प्यांचं ठरलं होतं, मग मध्येच बदललं, म्हणून हा असा बाक.

तात्यांनी चष्मा वर करून चित्र पाहिलं. "म्हंजे मदीच बदाललं?"

"हो. काम चालू असताना."

"आमास्नी तर सांगितलं हुतं, नकाशा झालाय, आता कायबी बदलत न्हाई."

मी काही बोलले नाही. त्यांनीच विषय बदलला, आत जाऊन प्लास्टिकच्या पिशवीतले कागद आणले आणि प्रकल्पग्रस्तांच्या संकलन रजिस्टरमधलं नाव दाखवलं. वडिलांचं नाव एका जागी एक, दुसऱ्या जागी दुसरं लागलं होतं, त्यावरून जमिनीचा प्रस्ताव परत आला होता. हे माझं खातं नव्हे, पण कागदांचे फोटो काढून घेतले आणि ओळखीच्या एका वकिलांना पाठवले. त्यांनी आणखी दोन उतारे मागितले आहेत. त्यांतला एक साताऱ्याहून आला, दुसरा अजून यायचाय.